सातबारा दाखवून युरोपचा व्हिसा मिळतो का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलं आहे. वय ५१. घरची बारा एकर बागायत, सातबारा अजून ऐंशीच्या घरातल्या वडिलांच्या नावावर. पुतण्या नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरीला आहे. 'काका-काकू, एकदा ट्युलिप बघायला या' असा त्याचा बरेच दिवसांचा हट्ट. नवरा-बायको पंधरा दिवसांसाठी जायचं म्हणताहेत. मुलगा शेतकी पदवी घेऊन घरीच शेती बघतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका एजंटाने दोघांचे पासपोर्ट आणि वीस हजार रुपये ठेवून घेतले आणि सांगितलं, की शेतकऱ्याला व्हिसा देत नाहीत. तुम्हाला खताच्या दुकानात मॅनेजर दाखवतो, पगाराच्या स्लिपा आणि तीन वर्षांचे आयटीआर (आयकर विवरणपत्रं) बनवून देतो. खात्यात महिनाभर दहा लाख दिसले पाहिजेत. नसतील तर दोन टक्क्यांनी मीच सोय करतो. पुतण्याचं नाव काढू नका, नातेवाईक दिसला की नाकारतात. आणि नेदरलँड्सची तारीख लवकर मिळत नाही, दुसऱ्या देशाकडून काढू.

मोठे भाऊ म्हणतात, एवढी कटकट कशाला, थायलंडला जा, तिथे व्हिसाच लागत नाही. पत्नीची काळजी निराळीच आहे : "तठे माले काय इचारतीन, आन मी काय सांगसू?" आणि पत्र लिहिणारे विचारतात, "खोटं करायला मन धजत नाही. पण खरं सांगून नाकारलं तर गावात हसं होईल आणि पासपोर्टवर कायमचा डाग बसेल. मग करू तरी काय?"

उत्तर

भाऊ,

आधी दोन्ही पासपोर्ट परत आणा, बाकीचं त्यानंतर. पासपोर्टवर नाव आपलं असलं तरी १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. 'फाइल तयार होईपर्यंत राहू द्या' म्हणून तो अडकवून ठेवायचा हक्क कुठल्याही एजंटाला नाही. मुलाला सोबत न्या, शांतपणे मागा, आणि त्याच बैठकीत विचारा की आमच्या नावाने कुठे अर्ज भरला आहे का, कशावर सह्या झाल्या आहेत का. टाळाटाळ केली तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा. वीस हजारांतले जेवढे सुटतील तेवढे सोडवा, पण त्या पैशांपायी फाइल त्याच्याकडे राहू देऊ नका. अर्जात खोटं निघालं तर जाब तुम्हाला विचारतात, त्याला नाही. त्याचं नाव तिथे कुठेच नसतं.

आता त्याच्या बोलण्याकडे येऊ. 'शेतकऱ्याला व्हिसा देत नाहीत' हे त्याने म्हटलं, तुम्ही ते धरून चाललात, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघाले. असा नियम कुठेही नाही. नेदरलँड्स धरून २९ देशांचं मिळून एक शेंगेन क्षेत्र आहे. तिथल्या थोड्या दिवसांच्या भेटीचा व्हिसा २००९ च्या एका सामाईक नियमावलीप्रमाणे देतात, आणि अर्जदार कोणत्या धंद्यातला असावा याबद्दल तिच्यात अट नाही. अधिकाऱ्याला तीन गोष्टी पटायला हव्यात : कशासाठी येताय, खर्च कोण करणार, आणि मुदतीच्या आत परत जाल ना. अर्ज अडतात ते बहुधा या तिसऱ्यावर. नोकरदार माणूस राजीनामा देऊ शकतो, भाड्याची खोली सोडू शकतो. बारा एकर बाग, विहीर, ठिबक आणि म्हातारे वडील सोडून तुम्ही हॉलंडमध्ये लपून राहाल हे कोणाला खरं वाटेल? तुमच्या फाइलमधली सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे शेती, आणि एजंट नेमकी तीच झाकून मॅनेजरची कच्ची बाजू पुढे करतोय.

त्या अधिकाऱ्यांचा संशय अगदीच निराधार असतो असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर निकाराग्वाकडे निघालेलं एक विमान मानवी तस्करीच्या संशयावरून अडवलं होतं. त्यात ३०३ प्रवासी होते, बहुतेक भारतीय. पर्यटनाच्या नावाखाली माणसं कुठून कुठे नेली जातात हे वकिलातींना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच एका साच्यातून काढलेल्या पगाराच्या स्लिपा आणि महिन्यापुरते फुगलेले बँक बॅलन्स त्यांच्या चांगले ओळखीचे असतात.

दहा लाखांचं गणित मांडून बघा. नेदरलँड्स पाहुण्याकडे माणशी दर दिवसाला ५५ युरो असावेत असं धरतं. दोन माणसं, पंधरा दिवस, म्हणजे १,६५० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साधारण १,६५,००० रुपये. विमानाचं भाडं आणि वरखर्च वेगळा. मग दहा लाख आले कुठून? दहा लाखांवर दोन टक्के म्हणजे वीस हजार, तिथून आले. शिवाय बँकेचं स्टेटमेंट मागच्या काही महिन्यांचं लागतं, आणि अधिकारी शेवटची ओळ पाहून थांबत नाही. एरवी लाख-दीड लाखाने हलणाऱ्या खात्यात अर्जाच्या तोंडावर दहा लाख उगवले, तर ते पैसे कोणाचे हा प्रश्न शेंबडं पोरही विचारेल.

तुम्हाला वाटत असेल की आपलं खातं सरळ दिसत नाही. बाग कापली की एकदम तीन-चार लाख जमा, मग खत, रोपं, मजुरी, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा) पगार, आणि पुढची कटाई येईपर्यंत खाली खाली. केळीवाल्याचं खातं असंच दिसणार, ते सपाट करायला जाऊ नका. प्रत्येक मोठ्या जमा रकमेसमोर व्यापाऱ्याची पट्टी लावा. किती क्विंटल, काय भाव, कोणत्या तारखेला, किती जमा, एवढं जुळलं की झालं. माल रोखीने दिला असेल आणि पैसे घरातच फिरले असतील, तर मात्र घाई करू नका. पुढच्या एक-दोन कटाईचे पैसे खात्यावर घ्या आणि मग अर्ज करा. तुमच्यासारख्या पुष्कळांची अडचण ही असते. पैसा खरा असतो, पण कागदावर आलेला नसतो, आणि तो कागदावर यायला वेळ द्यावा लागतो.

आयटीआरचंही तसंच. शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ आहे. दुसरं उत्पन्न नसेल तर तुम्ही विवरणपत्र भरलं नाही यात चुकीचं काही नाही, आणि अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात तसं सांगता येतं. हवं तर इथून पुढे विवरणपत्र भरत जा. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवायचं, कर शून्य. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असलं की आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, एवढं सीए सांगेलच. पण 'मागच्या तीन वर्षांचे आयटीआर बनवून देतो' म्हणणाऱ्याला विचारा, की पावतीवर भरल्याची तारीख कोणती येणार? ती खरी असेल तर सगळे एकाच आठवड्यातले दिसतील. ती मागची असेल तर पावतीच बनावट. आणि मॅनेजरच्या पगारावर विवरणपत्र भरलं म्हणजे न मिळालेल्या पगाराचा हिशेब आपल्याच आयकर खात्याला देऊन ठेवला.

सातबारा वडिलांच्या नावावर आहे याने तुम्ही बिचकला आहात असं पत्रावरून दिसतं. खानदेशात निम्म्या घरांची हीच गत असेल. वडिलांच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ लावा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा निघतो. त्याला वडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडा, की जमीन माझ्या नावावर आहे, कसतो आणि उत्पन्न घेतो तो माझा मुलगा. पट्ट्या तुमच्या नावावर निघत असतील तर त्याच या म्हणण्याला पुरावा झाल्या. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पीककर्जाचा खातेउतारा, फळपीक विम्याची पावती, यातलं जे खरोखर असेल ते द्या. नसेल ते सोडा. कोणी सुचवलंच तर व्हिसासाठी म्हणून भावाभावांत वाटणी मात्र काढू नका. पंधरा दिवसांच्या सहलीसाठी घराचे दोन भाग कशाला!

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. तिथे एक चोरखड्डा आहे : आडनावाचं स्पेलिंग. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि भाषांतर करणारा चौथं लिहितो. भाषांतरवाल्याच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि हेच स्पेलिंग सगळीकडे वापर म्हणून सांगा. वहिनींच्या कागदांवर माहेरचं नाव, सासरचं नाव असा घोळ असेल तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने उरलेली हवी, तो दहा वर्षांच्या आतला हवा, आणि दोन पानं कोरी हवीत.

या सगळ्याच्या वर एक पानाचं पत्र. मुलगा इंग्रजीत लिहील, तुम्ही सही करायची. त्यात मोठमोठे शब्द नकोत. साधारण असं : 'मी शेतकरी आहे. वडिलांच्या नावावरील बारा एकर जमीन मी व माझा मुलगा कसतो. उत्पन्न केळीच्या विक्रीतून येते. गेल्या सहा महिन्यांतील मोठ्या जमा रकमांच्या पट्ट्या जोडल्या आहेत. पुतण्याकडे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत राहू. विमानाचा व फिरण्याचा खर्च आमचा, राहण्याची सोय पुतण्याची. आमच्यामागे मुलगा शेती पाहील. वडील वृद्ध असून आमच्यासोबत राहतात.' तुमच्या घराशी जुळतील असे बदल करा आणि थांबा. पुढचं पान भरायची गरज नाही.

पुतण्याला लपवा म्हणतो त्यात तर मला काही हुशारीच दिसत नाही. अर्जातच विचारतात की कोणाकडे उतरणार. तिथे खोटं हॉटेल लिहिलं की मग रोजचा खोटा कार्यक्रम आला, आणि विमानतळावर पुतण्या हार घेऊन उभा! नेदरलँड्समध्ये पाहुणा बोलावणाऱ्यासाठी राहण्याच्या सोयीचा आणि खर्चाच्या हमीचा एक ठरलेला फॉर्म आहे. पुतण्याने तो भरून तिथल्या नगरपालिकेत जाऊन सही प्रमाणित करून घ्यायची आणि मूळ प्रत तुम्हाला पाठवायची. खर्चाची हमी घ्यायची असेल तर त्याची कमाई ठरावीक रकमेच्या वर लागते. नुसती राहायची सोय करणार असेल आणि खर्च तुमचा असेल तर तेवढंच लिहायचं. सोबत त्याच्या तिथल्या रहिवासी कार्डाची प्रत, आणि तो तुमचा पुतण्याच आहे हे दाखवणारे कागद.

'दुसऱ्या देशाकडून काढू' याबद्दल नियम स्पष्ट आहे. ज्या देशात जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच्याकडे. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. तुम्ही पंधरातले बारा-तेरा दिवस आइंडहोव्हनला, तर अर्ज नेदरलँड्सचाच. एकदा तो व्हिसा मिळाला की दोन दिवस पॅरिसला किंवा बेल्जियमला जाऊन यायला वेगळा अर्ज नको. उलट दुसऱ्याच देशाचा व्हिसा घेऊन तिथे पाऊलही टाकलं नाही, तर तो सीमेवर रद्द होऊ शकतो. लंडन यात येत नाही, आयर्लंडही नाही, स्वित्झर्लंड येतं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर आधी तिथल्या ट्रान्झिटचे नियम पाहा, नाहीतर तिकिटात वाचवलेले पैसे दुसऱ्या व्हिसात जातील.

तारीख लवकर मिळत नाही हे मात्र एजंटाचं खरं आहे. पण त्याचा इलाज आधी अर्ज करणं हा आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला एरवी पंधरा दिवस, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही व्हिसा अर्ज केंद्रावर स्वतः जावं लागतं. फी माणशी ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. विमानाचं पक्कं तिकीट आधी काढायची गरज नाही, नुसतं आरक्षण चालतं. यात लबाडी काही नाही, वकिलातीच तसं सांगतात.

आता हसं आणि डाग. नकार येऊ शकतो, ते मी नाकारत नाही. सगळं खरं असूनही येऊ शकतो. आला तर ठरलेल्या नमुन्यातलं पत्र मिळतं, त्यात कारणाच्या रकान्यात खूण असते आणि अपील कुठे, किती दिवसांत करायचं तेही लिहिलेलं असतं. त्याची नोंद त्यांच्या यंत्रणेत पाच वर्षं राहते. मात्र नकार म्हणजे बंदी नव्हे; कमी पडलेला कागद जोडून पुन्हा अर्ज करता येतो. पुढे दुसऱ्या देशाच्या अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' असं विचारलं तर 'हो, या कारणासाठी' असं लिहायचं. डाग म्हणतात तो खोट्या कागदांचा. बनावट कागद सापडला की तो नकाराचा वेगळाच मुद्दा होतो, आणि पुढचा प्रत्येक अधिकारी तुमच्याकडे त्याच नजरेने पाहतो. ब्रिटन अशा फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत दार बंद करतं, आणि अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं सिद्ध झालं तर जन्मभराची अडचण होऊ शकते. उद्या मुलगा शिकायला बाहेर जायचं म्हणाला तर? राहिलं गावाचं. गावाला व्हिसा हातात आल्यावर सांगा की. आत्ता कशाला दवंडी पिटायची?

व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असाही एक समज असतो. मला येणाऱ्या पत्रांत तो सारखा दिसतो, म्हणून यावर जरा थांबते. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारू शकतो. म्हणून फाइलची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका : पुतण्याचा पत्ता आणि फोन, हमीचा फॉर्म, परतीचं तिकीट, विमा, थोडे युरो, कार्ड.

व्हिसाचा स्टिकर नीट वाचा. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालतो, आणि त्या मुदतीत किती दिवस राहता येतं. तारखांमध्ये बहुधा पंधरा दिवसांची सूट धरलेली असते, म्हणून शेवटची तारीख लांबची दिसते. पुष्कळ लोक ती बघून मुक्काम वाढवतात आणि फसतात. स्टिकरवर १५ दिवस असतील तर १५च, आणि उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. एकदाच प्रवेश असेल तर मध्ये लंडनला जाऊन परत येता येणार नाही. पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून व्हायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने येणं-जाणं संगणकात नोंदवायला सुरुवात झाली आहे, चेहरा आणि बोटांच्या ठशांसकट. एक दिवस जास्त झाला तरी यंत्र सांगतं.

मुलीच्या बाळंतपणासाठी युरोपात जाणाऱ्या आयांसाठी हे जरा सविस्तर. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, अशी कमाल मर्यादा आहे, आणि हे १८० दिवस रोज पुढे सरकतात. जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर असे दोन कप्पे नसतात. समजा १ जानेवारीला गेलात आणि ३१ मार्चला निघालात, तर लीप वर्ष नसेल तेव्हा ९० दिवस पुरे झाले. पुढे ३० जूनच्या आधी पाऊल ठेवता येत नाही, हातात बहुप्रवेशाचा व्हिसा असला तरीही. 'महिनाभर घरी येऊन पुन्हा जाते' असं ठरवणाऱ्यांनी कॅलेंडर घेऊन बसावं.

वहिनींना सांगा, की तिथे परीक्षा नसते. का आलात, किती दिवस, कोणाकडे, परत कधी, एवढंच बहुधा विचारतात. 'फिरायला, पुतण्याकडे, पंधरा दिवस' हे त्या हिंदीत बोलल्या तरी चालेल, आणि तुम्ही दोघं एकाच खिडकीशी उभे राहा. घोकंपट्टी करून घेऊ नका. घोकलेलं उत्तर मध्येच विसरलं की माणूस उगाच घाबरतो. पुतण्याचा पत्ता इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी त्यांच्या पर्समध्येही असू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. एजंटाच्या वाटेने गेला असता तर याच खिडकीशी त्यांना 'माझा नवरा मॅनेजर आहे' असं म्हणावं लागलं असतं. त्यांची खरी भीती तीच असावी असं मला वाटतं.

तुमच्या मोठ्या भावांचा सल्ला वाईट नाही. बँकॉक स्वस्त, जवळ, आणि पहिला परदेश प्रवास म्हणून सोपं. पण व्हिसा नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे. भारतीयांसाठी ही सूट १० नोव्हेंबर २०२३ ला ३० दिवसांची सुरू झाली, १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची झाली. म्हणजे तिथलं सरकार ती बदलतं, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात थायलंडच्या वकिलातीचं पान उघडून बघायचं. १ मे २०२५ पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी पानं दुसऱ्यांची. परतीचं तिकीट आणि जवळचे पैसे तिथेही विचारू शकतात. पण तुम्हाला पुतण्याकडे जायचंय ना? थायलंडला तो नाही.

राहता राहिली वेळ. ट्युलिपची ती प्रसिद्ध बाग, क्युकेनहॉफ, वर्षात मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत साधारण आठ आठवडेच उघडी असते. इकडे तेच दिवस बागेला पाणी जपायचे, गरम वाऱ्याचे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल बदलतं, तेव्हा घरात कर्ता माणूस हवाच. आखाजी तिथीप्रमाणे पुढे-मागे होते, म्हणून आधी पंचांग बघा आणि तिच्या आठ दिवस आधी परत याल अशा तारखा धरा. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्ज करता येईल आणि तोवर एका कटाईचे पैसेही खात्यावर दिसतील. यंदाचा हंगाम हुकत असेल तर हुकू द्या. आणि तिथे गेल्यावर आल्समीरचा फुलांचा लिलाव चुकवू नका. पहाटे उठावं लागतं, पण बाजार समितीत उभं राहिलेल्या माणसाला तो बागेपेक्षा जास्त आवडेल.

जाताना पिशवीत काय न्यायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुतण्याने भरिताची वांगी मागितली असतीलच. नेऊ नका. ताजी भाजी आणि बहुतेक फळं वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय युरोपात नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा यांतलंही काही नको, दुधाचे पदार्थ तिथे काढून घेतात. मळ्यातले मातीचे बूटही घरीच ठेवा. बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला चालेल. आणि एक गंमत : ज्या पाच फळांना हे प्रमाणपत्र लागत नाही त्यांत अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी आहेत. तेव्हा घरच्या बागेतली एक फणी खुशाल न्या, फक्त जरा हिरवट निवडा. पिकलेली सामानात काळी पडतात.